एकाच सीडीत बसवलेलं लग्न

उस्मानपुऱ्यात ज्ञानेश्वरीच्या दुकानाचा पत्ता विचारला की सांगणारा आधी जिना दाखवायचा आणि मग आवाज खाली आणायचा. "बाई कामाला पक्की हाय. पण शब्द जपून वापरा. लई जाळ हाय."

ज्ञानेश्वरीला हे ठाऊक होतं आणि त्यात तिला फारसं वावगं वाटत नव्हतं. "जाळाबिगर भाकर भाजती का?" असं म्हणून ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायची.

लग्नाचं शूटिंग, त्याची जुळवाजुळव आणि शेवटी त्याची सीडी करून देणं हा तिचा धंदा. खरं तर ती डीव्हीडी; पण आमच्याकडे चकती म्हणजे सीडी, मग आत काही का असेना. दुकान सुरू केलं तिच्या नवऱ्यानं, रामप्रसादनं. ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आले, कामं गळाली, तेव्हा तो शेंद्र्याच्या एका कारखान्यात लागला. दुकानाला आता कुलूप लागणार असंच सगळे धरून चालले होते. ज्ञानेश्वरीनं तोवर नवऱ्यामागं दिव्याचा दांडा धरला होता, वायरी गुंडाळल्या होत्या आणि गप्प राहून सगळं बघितलं होतं. ती म्हणाली, "कुलूप कशाला? मी मेले का?" आणि दुसऱ्या दिवशी तिनं कॅमेरा खांद्यावर घेतला.

शहरातली गिऱ्हाइकं आता पेनड्राइव्ह नाहीतर मोबाईलवर लिंक मागायची. पण करमाड, लासूर स्टेशन आणि आसपासच्या गावांतून माणसं अजून सीडीच मागायला यायची. त्या घरांमध्ये टीव्हीखाली डीव्हीडी प्लेअर होता, त्यावर विणलेला रुमाल होता, आणि म्हातारीकोतारी माणसं त्याचं एक बटण ओळखत होती. लेकरांच्या मोबाईलमधलं लग्न लेकरांबरोबर पुण्याला जातं. सीडीतलं घरात राहतं. म्हणून सीडी.

तिचा राग कुठून आला ते तिच्या घरचे सगळे जाणून होते. ज्ञानेश्वरी करमाडजवळच्या वस्तीवरची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. बाप त्रिंबक, आई सारजाबाई. ती परकर-पोलक्यात असताना गावात एक मोठं लग्न झालं होतं आणि पहिल्यांदा व्हिडिओवाला आला होता. पाटलांची माणसं आहेर घेऊन पुढं आली की त्याचा तो लखलखीत दिवा पेटायचा. वस्तीवरच्या बाया पुढं आल्या तेव्हा त्यानं दिवा विझवला. हात लांब करून बटण दाबलं, बस्स. कुणाला काही वाटलं नाही, वस्तीवरच्या बायांनाही नाही. त्या अंधारात ज्ञानेश्वरी मात्र आईचा पदर धरून त्या दिव्याकडे बघत राहिली. "तवापासून ही पोरगी तापलेलीच हाय," असं सारजाबाई सांगायची.

तर या वर्षी करमाडच्या आप्पासाहेबांच्या राजनंदिनीचं लग्न ठरलं आणि शूटिंगचं काम ज्ञानेश्वरीकडे आलं. यायलाच हवं होतं. आप्पासाहेब जमीनदार माणूस, पण नातं जुनं. दरसाल खतासाठी त्रिंबकच्या मेंढ्या त्यांच्याच रानात बसायच्या. मेंढ्या बसल्या की सारजाबाईची चूल तिथंच मांडली जायची, आणि लहानगी राजनंदिनी घरचं ताट सोडून त्या चुलीपाशी येऊन बसायची. कोकराला बाटलीनं दूध पाजता पाजता झोपून जायची. सारजाबाई तिच्यावर घोंगडं टाकायची.

म्हणून लग्न ठरल्याचं कळताच सारजाबाईनं ठरवून टाकलं, आहेर घोंगड्याचा. तोही जावळाचा. जावळ म्हणजे कोकराची पहिली लोकर, काळीभोर आणि मऊ. आता विणणारे कुठं राहिलेत? त्रिंबक गावोगाव फिरला तेव्हा एक म्हातारा सापडला, त्यानं विणलं, चिंचोक्याची खळ दिली, काठाला पांढरी रेघ धरली.

सारजाबाईची जाऊ भामाबाई हे सगळं बघत होती. तिचं तोंड म्हणजे उघडी कात्री. "सारजे, लॉनवर लग्न हाय ते. पोरी तिथं मऊ मऊ शाली घेत्यात. तुह्यं हे टोचरं पोतं कोण अंगावर घीन? घेतील, आन् टेबलाखाली सारतील."

"घीन ती," सारजाबाई म्हणाली.

"घेतलं तर मला दाखव. माह्या डोळ्यानं बघीन, मंग मानीन."

भामाबाईला त्या दिवशी ताप होता, ती लग्नाला आली नाही. पण सारजाबाई गेली. जालना रोडवरचं लॉन, दुपारचा मुहूर्त. पुढाऱ्यांची वाट बघण्यात तो संध्याकाळपर्यंत लांबला. मग सत्कार, मग अक्षता, मग आहेर. माइकवाला एकेक नाव पुकारत होता. फेटे, शाली, टॉवेल-टोप्या, भांडी. आमच्याकडे आहेर म्हणजे नुसतं देणं-घेणं नसतं. कुणाचं नाव कुणाच्या आधी, कुणाला कुणी वाकून नमस्कार केला, हे सगळं माणसं नंतर सीडीत बघतात आणि वर्षानुवर्षं ध्यानात ठेवतात.

सारजाबाईचं नाव सगळ्यात शेवटी आलं. तोवर लॉनवाल्यांनी मोठे दिवे उतरवायला सुरुवात केली होती. "अरे, थांबा की!" ज्ञानेश्वरी ओरडली, पण एक कोपरा अंधारात गेलाच. तिनं कॅमेऱ्याची उजेड ओढायची ताकद वाढवली आणि धरून राहिली. सारजाबाई स्टेजच्या पायऱ्यांपाशी थबकली, वर चढेना. तेव्हा राजनंदिनी स्वतः उठली, जरीचा शालू सावरत खाली उतरली, वाकली. सारजाबाईनं घोंगडं तिच्या खांद्यांवर टाकलं. पोरीनं त्यात तोंड खुपसलं. मग तिनं ते अंगावरून काढलंच नाही. पाठवणीला गाडीत बसेपर्यंत तसंच होतं.

ज्ञानेश्वरीनं त्याच संध्याकाळी आईला सांगून टाकलं, "माय, भामाकाकूला सांग, सीडी आली की बघ म्हणावं. म्या काढलंय सगळं. मी सांगते ना, दिसंल."

सारजाबाईनं वस्तीवर सगळ्यांना तसं सांगितलं.

नंतर दुकानात आला विश्वजीत, राजनंदिनीचा भाऊ. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत, पोरगा गुणी, पण घाईचा.

"ताई, आप्पांचा निरोप आहे. एकच सीडी पाहिजे. कुणाचाही आहेर कापायचा नाही."

"चार तासांच्या वर चाललंय ते. एकीत कोंबलं की चित्र फाटंल. दोन करू."

"दोन नकोच. लासूर स्टेशनचं माहितीय ना तुम्हाला?"

माहीत नसायला काय झालं? लासूर स्टेशनच्या एका लग्नाच्या दोन सीड्या झाल्या होत्या आणि नवरदेवाचा मामा आला दुसरीत. "आम्हाला दुसऱ्या सीडीत टाकलं?" असं म्हणून मामा असा बिथरला की धोंड्याच्या जेवणालाही आला नाही. तेव्हापासून त्या पट्ट्यात लग्न म्हणजे एकच सीडी. दुहेरी थराची, जास्त मावणारी चकती मिळते, पण ती बाजारात दिसेनाशी झालीय आणि गावातले जुने प्लेअर तिला ओळखत नाहीत. पोटात घेतात आणि तशीच ओकून टाकतात.

विश्वजीतनं खुर्ची जवळ ओढली. "मग असं करू. सत्कार आणि स्टेजवरच्या भागाला बिटरेट जास्त देऊ. दोन पासमध्ये टाका. शेवटच्या आहेराला कमी दिला तरी चालेल, तिथपर्यंत कोण बघतंय?"

बिटरेट म्हणजे चित्राच्या एका सेकंदावर किती माहिती खर्च करायची ते माप. चकतीची जागा ठरलेली. एकाला जास्त दिलं की दुसऱ्याचं कमी होणार. कमी पडलं की चेहऱ्याचे चौकोन होतात, नाक एका चौकोनात, डोळा दुसऱ्यात. दोन पास म्हणजे सॉफ्टवेअर आधी सगळं लग्न एकदा बघून घेतं, कुठं किती लागेल याचा अंदाज बांधतं, आणि दुसऱ्या फेरीत त्याप्रमाणे वाटतं. वाटताना इथं जास्त, तिथं कमी असं आपणही सांगू शकतो.

हे सगळं ज्ञानेश्वरीला माहीत होतं. पण तिच्या कानांत बाकी काही शिरलंच नाही, एवढंच शिरलं.

"कोण बघतंय?" तिनं माउस आपटला. "शेवटी कोण हाय, ठाऊक हाय का तुला?"

"तसं नाही ताई..."

"माझी माय हाय तिथं! तुझी बहीण जिच्या चुलीपाशी झोपायची ती! तिला कमी दिलं तरी चालंल व्हय रे?"

"माझ्या ध्यानातच नव्हतं. मी आपलं सर्वसाधारण म्हणालो."

"तुमचं सर्वसाधारण आमच्यापाशी आलं की बरोबर कमी होतं. ऐक. सगळ्यांना सारखं! आमदाराला जेवढं, तेवढंच माझ्या मायला. पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत एकच माप, काटा हलायचा न्हाई."

"पण ताई, एकसारखं ठेवलं तर ते..."

"आप्पाला जाऊन सांग, एकच सीडी मिळंल. जा."

तो गेला. ज्ञानेश्वरीनं सेटिंगच्या खिडकीत 'स्थिर' वर टिचकी मारली, आणि अशी मारली की जणू त्या जुन्या व्हिडिओवाल्याच्या हातातलं बटणच हिसकावून घेतलं. तिला बरं वाटलं. खरंच फार बरं वाटलं.

दुकानात तिनं एक जुना डबा टीव्ही आणि एक स्वस्तातला प्लेअर तपासणीसाठी ठेवला होता, कारण कॉम्प्युटरवर चांगलं दिसलं म्हणजे गावात चांगलं दिसेल असं नसतं. चकती तिनं त्यावर लावली. सत्कार स्वच्छ. अक्षता बऱ्या. पुढं ढकलून पाठवणीची गर्दी बघितली, जरा भुरकट होती, पण चाललं असतं. घोंगड्याचा भाग तिनं लावला नाही. जुळवाजुळव करताना कॉम्प्युटरवर तो तिनं इतक्यांदा बघितला होता की डोळे मिटूनही दिसत होता. प्रती निघाल्या, आप्पासाहेबांच्या घरी पोचल्या, आणि तिथून पाहुण्यारावळ्यांत वाटल्या गेल्या. वस्तीवरही एक आली.

रविवारी दुपारी सारजाबाईच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. दाराशी त्रिंबक बसलेला, आत बाया, खिडकीत डोकी. भामाबाई सगळ्यांत पुढं, टीव्हीपासून हातभर अंतरावर. ज्ञानेश्वरी मुद्दाम शहरातून आली होती.

आमदारांचा सत्कार आला. "कापडं काय पांढरी हायेत गं," कुणीतरी म्हणालं. खरंच, त्यांच्या खिशातला पेनही दिसत होता. अक्षता झाल्या, आहेर सुरू झाला. वस्तीवरच्या बायांनी शेवटपर्यंत दम धरला. मग माइकवर नाव आलं. सारजाबाई त्रिंबक. सगळे पुढं सरकले.

पडद्यावर आधी अंधार आला, मग त्यात एक काळा ठोकळा हलला. त्याला कडा नव्हत्या. चौकोन चौकोन, एकमेकांवर घसरणारे. मधूनच शालूची जर चमकून गेली. सारजाबाईचा सावळा चेहरा त्या काळ्यात केव्हा मिसळला ते कळलंच नाही. काय टाकलं, कुणी टाकलं, कुणाच्या अंगावर टाकलं, काही म्हणता काही दिसेना.

मग भामाबाई बोलली. "हे काय हाय वं? म्हैस शिरली का लॉनात?"

घर हसलं. पोरं तर लोळायला लागली. सारजाबाई टीव्हीकडेच बघत होती. "मी व्हते गं तिथं," ती हळूच म्हणाली. "पोरीनं घेतलं व्हतं अंगावर."

"असंल बाई. सीडीत तर न्हाई."

ज्ञानेश्वरी उठली. तिनं प्लेअर बंद केला, चकती काढून पदरानं पुसली, परत लावली. तोच ठोकळा. वायर उपटून खोचली. तोच ठोकळा. प्लेअरवर असा तळहात हाणला की वरचा रुमाल उडून त्रिंबकच्या पुढ्यात पडला.

"अगं, मोडशील!" त्रिंबक म्हणाला.

"मोडू दे! ही माझी सीडी न्हाईच. त्यानं बदलली. त्या विश्वजीतनं घरी बसून आपल्या मनासारखी केली आन् वाटली. पुढारी बघा कसे चकाचक हायेत!"

"ज्ञाने, तिथं जाऊन भांडू नको," त्रिंबक उठून उभा राहिला. "औंदा मेंढ्या त्यांच्याच रानात बसवायच्यात."

"मेंढ्या बसवा, मी न्हाई बसणार," ती म्हणाली आणि ठोकळ्याची सीडी हातात घेऊन निघाली.

आप्पासाहेबांच्या ओसरीवर पाहुणे होते. ज्ञानेश्वरीनं चपलाही धड काढल्या नाहीत. "विश्वजीत कुठंय? बोलवा त्याला! माझ्या मायची बेइज्जती करायला तुम्हाला सीडीच सापडली व्हय?"

आप्पासाहेब गडबडले. "पोरी, काय झालं ते सांगशील का? पाणी घे आधी."

"पाणी नको, आप्पा. पोराला बोलवा."

विश्वजीत आतून आला. तिनं जे तोंडाला येईल ते ऐकवलं. तू चोर, तू कारस्थानी, बहिणीच्या लग्नातसुद्धा तुला माणसं मोजूनमापून पाहिजेत. पाहुणे चहाचे कप धरून गार पडले. विश्वजीतचे कान लाल झाले. तिचा दम संपल्यावर तो आत गेला आणि एक पाकीट घेऊन आला, अजून चिकटवलेलं, ज्ञानेश्वरीच्या दुकानाचा शिक्का असलेलं.

"ताई, हे तुमच्याकडून आलं तसंच आहे. मी हात लावलेला नाही. तुम्हीच फोडा."

तिनं फोडलं. ओसरीवरच्या टीव्हीला लावलं. पुढं पळवलं. मोठा टीव्ही होता, त्यामुळं ठोकळाही मोठा दिसला.

आता ओसरीवर सगळे तिच्याकडे बघत होते. तिच्या हातात रिमोट होता आणि तो कुणाच्या अंगावर फेकावा ते तिला कळत नव्हतं.

"मी तेच सांगत होतो त्या दिवशी," विश्वजीत खालच्या आवाजात म्हणाला. "एकसारखं ठेवलं की अवघड चित्राला पुरत नाही."

"तू पुढाऱ्यांसाठी सांगत होतास."

विश्वजीतनं मान खाली घातली. "हो. ते चुकलंच माझं."

"मंग गप बस." तिनं चकती काढली. आप्पासाहेबांकडे बघून म्हणाली, "माझी चूक हाय. चोर म्हणाले ते परत घेते. बाकीचं न्हाई घेत." आणि पायऱ्या उतरली.

दुकानात आल्यावर तिनं शटर अर्धं ओढलं आणि कॉम्प्युटरसमोर बसली. राग होता तेवढाच होता, फक्त त्याला आता दुसरं कुणी सापडत नव्हतं. तिनं आमदारांचा भाग काढला. पांढरे कपडे, स्थिर उभी माणसं, मागं साधा पडदा, लखलखीत उजेड. अशा चित्राला काय लागतं? काहीच नाही. पहिलं चित्र नीट साठवलं की पुढच्यांत बदलतंच काय. एखादा हात, एखादा हार. त्यांना तिनं दिलेलं माप निम्मं वायाच गेलं होतं. मग तिनं आईचा भाग काढला. अंधार. अंधारात उजेड ताणून ओढला म्हणून कॅमेऱ्यानं आपल्या पदरची पेरलेली वाळू, म्हणजे वळवळणारे बारीक ठिपके, प्रत्येक चित्रात वेगळे. आणि त्यात जावळाचं घोंगडं. तंतू तंतू, केस केस, आणि पोरीच्या खांद्यावर हलणारं. सगळ्या लग्नात भारी असं काही असेल तर ते घोंगडं. शालू नव्हे, हार नव्हे. त्याला तिनं आमदाराएवढंच दिलं होतं.

"शेळीलाबी येक बादली आन् म्हशीलाबी येक बादली," ती स्वतःशीच मोठ्यानं म्हणाली. "न्याव केला मोठा!" मेंढरांच्या घरात वाढलेली बाई ती. दुभत्या मेंढीला आणि भाकड मेंढीला कुणी सारखी पेंड घालत नाही, हे तिला दात येण्याआधीपासून ठाऊक होतं. सेटिंगच्या खिडकीत मात्र ती ते विसरली, कारण त्या वेळी तिला घोंगडं दिसतच नव्हतं, फक्त तो जुना दिवा दिसत होता.

मग तिनं कामाला हात घातला, आणि दातओठ खातच घातला. अंधारातली ती वाळू हलक्या हातानं गाळली. जास्त गाळली असती तर लोकरही गेली असती. 'स्थिर' काढून दोन पास लावले. नुसतं सॉफ्टवेअरवर सोडलं नाही, कारण त्याला अंधार म्हणजे बिनमहत्त्वाचा वाटतो. आईच्या भागाला तिनं आपल्या हातानं वरचं माप दिलं. पार वर मात्र नेलं नाही. जुने प्लेअर एवढा लोंढा गिळू शकत नाहीत, अडकतात, आणि आईच्या तोंडावरच चित्र गोठलं असतं. मग मागं सत्कारावर आली आणि तिथलं कमी केलं. करताना हात थांबला. आपण विश्वजीतचंच उलटं तर करत नाही ना? तिनं डबा टीव्हीवर आमदार लावले. पांढरे कपडे पांढरेच होते. खिशातला पेन तेवढा जरा पुसट झाला होता. "पेन पुसट झाला तर काय राज्य बुडत न्हाई," ती म्हणाली आणि पुढं गेली.

या खेपेला तिनं सगळं लग्न त्या डबा टीव्हीसमोर बसून बघितलं. पुढं पळवलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी रामप्रसाद कारखान्यातली पाळी संपवून जेवणाचा डबा घेऊन आला आणि शेजारी बसला.

"अगं, जेव की."

"आहेर संपू दे."

घोंगडं आलं. रामप्रसादचा घास हातातच राहिला. "आता कसं दिसतंय बघ," तो म्हणाला.

"आधीच दिसायला पाहिजे व्हतं," ती म्हणाली, आणि मग तिच्या डोळ्यांत आलेलं पाणीसुद्धा तिनं रागानं पुसलं.

नवी सीडी घेऊन ती वस्तीवर गेली तेव्हा घरात फक्त आई-बाप होते. पुन्हा बघायला कुणी येईना. "पाह्यली की एकदा," असा निरोप आला. एकदा हसून झाल्यावर माणसं कशाला येतात? सारजाबाई सीडी उलटीपालटी करून बघत होती.

"राहू दे पोरी. आपण बघू. मला काय, मी तर तिथंच व्हते."

"राहू दे कशाला? मी एकेकीला ओढून आणते."

"तू नको." सारजाबाई उठली. पदर खोचला आणि अंगणात जाऊन भामाबाईच्या दाराकडे तोंड करून उभी राहिली. जन्मात कधी वर न गेलेला तिचा आवाज त्या दिवशी वर गेला, आणि मेंढरांना हाळी देणाऱ्या बाईचा आवाज तो. शेजारच्या रानातली माणसंसुद्धा उभी राहिली.

"ये भामे! भायेर ये! चार माणसांत म्हैस म्हणलीस ना? आता चार माणसांतच बघ! का डोळे धुवायला पाणी देऊ तुला?"

त्रिंबक दारातच थिजला. ज्ञानेश्वरीनं आईला असं कधी बघितलं नव्हतं. राग आपल्यात कुठून आला याचा वस्तीवरचा नेहमीचा हिशेब तिला त्या घडीला चुकीचा वाटला.

भामाबाई आली. येताना चार-दोन बाया आल्या, कारण अशा आवाजामागं काहीतरी बघण्यासारखं असणार. सारजाबाईनं स्वतः बटण दाबलं. ज्ञानेश्वरीनं आहेराच्या शेवटावर आणून सोडलं.

राजनंदिनी पायऱ्या उतरली. वाकली. घोंगडं खांद्यावर पडताना त्याची घडी कशी उलगडली ते दिसलं, काठाची पांढरी रेघ दिसली, त्यावरून फिरलेला सारजाबाईचा हात दिसला, हातातल्या काचेच्या बांगड्या दिसल्या. पोरीनं तोंड खुपसलं तेव्हा लोकरीचे केस तिच्या कपाळावर उभे राहिलेले दिसले. उजेड कमीच होता. संध्याकाळ संध्याकाळसारखीच होती. पण माणसं माणसांसारखी होती.

भामाबाई टीव्हीला नाक लावून बघत होती. "परत लाव," ती म्हणाली. परत लावलं.

"काठ पांढरा घ्यायला नको व्हता," शेवटी ती म्हणाली. "लाल खुलला असता."

"तुह्या नातीला लाल दीन," सारजाबाई म्हणाली. "आधी सांग, काय हाय ते?"

"घोंगडंच हाय. दुसरं काय असणार?"

"कोणाच्या अंगावर हाय?"

"आता माह्या तोंडातून वदवूनच घेतीस का? पोरीच्या अंगावर हाय. घेतलंय तिनं. बास? आता चहा टाक."

सारजाबाई चहा टाकायला गेली. बायांनी आणखी एकदा लावायला सांगितलं. ज्ञानेश्वरीला वाटलं होतं की इथवर आलं की आपला राग उतरेल. तो काही उतरला नाही. ठोकळ्याची सीडी पाहुण्यारावळ्यांच्या घराघरांत टीव्हीखाली पडून होती, आणि तिथं कुणी हाळी देणारं नव्हतं.

ती उठली आणि आप्पासाहेबांकडे गेली. नव्या प्रतींचा गठ्ठा ओसरीवर ठेवला. "वाटलेल्या परत घ्यायच्या आन् या द्यायच्या."

आप्पासाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "पोरी, दिलेली सीडी परत मागायची म्हणजे बरं दिसत नाही. शेवटचं तसं कोण..." ते थांबले.

"म्हणा आप्पा. पुरं म्हणा."

आप्पासाहेबांनी पुरं म्हटलं नाही. ओसरीवर तिनं घातलेला तमाशा ते विसरले नव्हते, आणि तो गावही विसरणार नव्हतं. त्यांनी गठ्ठा पुढं सरकवला. मग विश्वजीतला म्हणाले, "कुणाकुणाला दिल्यात ते तूच सांग तिला. मी कुणाच्या दारात येणार नाही."

"तुम्ही येऊच नका," ज्ञानेश्वरी म्हणाली. "मला दारं माहीत हायेत."

विश्वजीतनं गाडी काढली. "ताई, बसा. मी येतो."

ती गठ्ठा मांडीवर घेऊन मागं बसली. त्यांचं पहिलं दार आप्पासाहेबांच्या चुलत भावाचं. आतून घरधनीण हात पुसत बाहेर आली, ज्ञानेश्वरीला बघून जरा बावरली.

"काय गं, काही राह्यलं का?"

"व्हय, राह्यलं व्हतं," ज्ञानेश्वरी म्हणाली. "जुनी सीडी काढा. आन् ही आत्ताच लावा, माझ्यासमोर. शेवटपर्यंत."